रिस्तेनचे बारा बैल

रिस्तेनच्या जावयाला गेल्या शरदात शहरातल्या साहेबांनी एक पाटी दिली होती. पाटी लाकडाची, वर पितळेचा पत्रा, आणि पत्र्यावर कोरलेलं की हेइक्का हा या पठारावरचा सगळ्यांत शहाणा रेनडिअरपाळ आहे. शब्द अगदी हेच नव्हते, पण अर्थ हाच, असं रिस्तेन सांगायची. सांगताना नाकातून असा आवाज काढायची की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारायची सोय उरायची नाही. ज्या माणसाला ऊब धरायला स्वतःच्या बुटात गवत धड भरता येत नाही, त्याला म्हणे शहाणपणाची पाटी.

पाटी मिळाली ती कळप सुधारल्याबद्दल. साहेबांचं म्हणणं असं, की कळपात माद्याच हव्यात. मादी दर वर्षी पाडस देते, नर नुसता चरतो. नर पाडसं पहिल्याच शरदात कापावीत, पैदाशीपुरते चार-दोन नर ठेवावेत, आणि खच्ची केलेले थोराड बैल तर मुळीच पोसू नयेत, कारण ते निव्वळ फुकटखाऊ. हेइक्काने मान डोलावली. साहेबापुढे मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या पठारावर नव्हता. दोन शरदांत त्याने आपले सगळे बैल ट्रकात चढवले आणि पाटी घरात जेवणाच्या टेबलासमोर ठोकली, म्हणजे घास घेताना समोर दिसावी.

रिस्तेनकडे बारा बैल होते. दहा तिच्या नवऱ्याच्या, इसातच्या हातचे. तो वारून चार वर्षं झाली होती, पण त्याचे बैल होते. त्याने ते जुन्या पद्धतीने, कापडाआडून दातांनी चेचून खच्ची केले होते. चिमट्याने केलेला बैल सुस्तावतो, दातांनी केलेला अंगाने नर राहतो आणि डोक्याने शहाणा होतो, असं त्याचं मत. शेवटच्या दोघांना रिस्तेनने स्वतः केलं. त्यानंतर वर्षभरात तिचे वरचे दात गेले, आणि आता कवळी घालून हे काम होत नाही याचं तिला दातांपेक्षा जास्त वाईट वाटायचं.

या बाराजणांना हेइक्का वृद्धाश्रम म्हणायचा. नाताळच्या जेवणाला, पंधरा माणसं बसलेली असताना, तो नळीचं हाड फोडत म्हणाला होता, "आईंच्या वृद्धाश्रमात यंदा किती जागा रिकाम्या?" सगळे हसले. रिस्तेनची स्वतःची मुलगी माग्गासुद्धा हसली, तोंडावर हात धरून, पण हसली. रिस्तेन खाली मान घालून मांस चावत राहिली. ते हसू तिच्या कानात पार जानेवारीपर्यंत राहिलं.

एका गोष्टीत मात्र ती जावयाच्या कळपात गुंतलेली होती. आमच्यात बाळाचा पहिला दात जो सगळ्यांत आधी पाहील, त्याने बाळाला एक मादी द्यायची असते. नात सुन्ना सात महिन्यांची असताना रिस्तेन चमच्याने तिला रस्सा भरवत होती आणि चमचा कशावर तरी टक्‌ करून वाजला. झालं. रिस्तेनने हातचं राखून काही दिलं नाही. आपल्या कळपातली पांढरीशुभ्र मादी, गाब्बा, दिली. इसातच्या लाडक्या मादीची ती शेवटची लेक. पोरीच्या नावाची वेगळी कानखूण ठरली, इसातच्याच खुणेला एक बारीक खाच वाढवून. पोर आईबापांकडे राहते म्हणून गाब्बा हेइक्काच्या कळपात चरायची. सुन्ना आता सहा वर्षांची होती, आणि भेटेल त्याला सांगायची की बाबांच्या कळपात माझा पण एक कळप आहे, त्यात सध्या एकच जण आहे.

नाताळ उलटून दोन आठवडे झाले आणि पाऊस पडला.

पठारावर जानेवारीत पाऊस पडला की म्हातारी माणसं बोलायची थांबतात. दोन दिवस पाणी बर्फात मुरलं, तिसऱ्या दिवशी आकाश निवळलं आणि थंडी अशी आली की बर्फावर चालवायच्या स्कूटरचं सीट दगड झालं. रिस्तेन दुपारच्या निळ्या उजेडात काठी घेऊन कळपाकडे गेली. तिने खड्डा खणला, हातमोजा काढला आणि कोपरापर्यंत हात घातला. वरचा बर्फ ठीक. खाली मात्र गोठलेल्या पाण्याची तीन बोटं जाडीची काच, आणि काचेखाली पांढरं दगडफूल, जे खाऊन हा कळप सगळा हिवाळा काढतो. मादी खुराने खरवडायची, वास घ्यायची आणि पुढे जायची. खालचा घास नाकाला कळत होता, तोंडाला मिळत नव्हता.

मग मुझेत आला. काळपट अंगाचा, अकरा वर्षांचा, गळ्यात घंटा, बाराजणांतला थोरला. त्याने पुढचा पाय उचलून हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काच तडकली. मोठमोठे तुकडे बाजूला पडले आणि खड्ड्यात दगडफूल उघडं पडलं. त्याने दोन घास घेतले असतील नसतील, तोच एका गाभण मादीने शिंगं त्याच्या बरगडीला लावली. माद्यांची शिंगं वसंतापर्यंत टिकतात आणि हिवाळ्यात त्या कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. मुझेत निमूटपणे बाजूला झाला आणि दुसरीकडे हाणायला लागला. पलीकडे बाकीचे अकराही तेच करत होते. टेकडीचा सगळा उतार खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता आणि प्रत्येक खड्ड्यात एक मादी आणि तिचं पाडस तोंड खुपसून उभं होतं.

रिस्तेनला आनंद झाला. आपला कळप तगणार याचा झाला, हे तर खरंच. पण पहिला विचार तिच्या मनात आला तो टेकडीपलीकडच्या हेइक्काचा. त्याच्याकडे पाऊस पडलाच असणार. त्याच्याकडेही तीन बोटं काच असणार. आणि काच फोडायला त्याच्याकडे होती पाटी.

आठवड्याने माग्गा आली. स्कूटरवरून उतरली, कॉफीत चीजचे तुकडे टाकून घेतले, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाली, "आई, तुझे बैल बरे आहेत ना?"

"आश्रमातले? खाऊनपिऊन सुखी आहेत."

"आमच्याकडे बर्फ फुटत नाही गं."

"पाटीने फोडा."

माग्गाने कप खाली ठेवला. तिने सांगितलं की हेइक्का दिवसभर कुऱ्हाड घेऊन खणतो, कुऱ्हाडीने किती खणणार. पेंडीची गाडी मागवली आहे, पण रस्त्यावरही काचच आहे, गाडी कधी पोचेल त्याचा भरवसा नाही. रिस्तेनने सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याला भर जेवणात तिच्या बैलांबद्दल बोलता आलं, त्याला चार भिंतींत त्यांच्याबद्दल बोलायला काय झालं. त्याने यावं, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावं, की तुमचे बैल द्या. ती नाही म्हणणार नव्हती. बैल दोरीला बांधून स्वतः नेऊन सोडणार होती. फक्त त्याने म्हणायला हवं होतं.

"तो असं म्हणायचा नाही. आणि तसं कुणीच म्हणत नाही. तूसुद्धा कधी म्हटलं नाहीस."

"मला कधी पाटी मिळाली नाही."

"आणि गाब्बा?" माग्गाने विचारलं.

"गाब्बाला अक्कल आहे. ती इसातच्या वळणाची आहे. तिला काही होत नाही."

माग्गाचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्यात मागायला आलेला माणूस मागत नाही. तो येतो, बसतो, कॉफी पितो, हवेबद्दल बोलतो, कुत्र्याचं कौतुक करतो. तिसऱ्या कपापर्यंत घरधन्याला कळतं आणि तो आपण होऊन म्हणतो, की आमच्याकडे अमुक पडून आहे, घेऊन जा, तेवढीच अडगळ कमी. मागणाऱ्याचं तोंड राहतं, देणाऱ्याचा हात राहतो. रिस्तेनने आयुष्यभर असंच दिलं होतं आणि असंच घेतलं होतं. शहरातल्या साहेबांसारखं तोंडावर विचारणाऱ्यांना ती बिनवळणाचे म्हणायची. आता तिला तेच हवं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला त्या आठवड्यात तरी वाटलं नाही.

तीन दिवसांनी हेइक्का स्वतः आला. दाढीत बर्फ, ओठ फुटलेले, तळहाताला चिंध्या बांधलेल्या. रिस्तेनने त्याला नीट न्याहाळलं. तो थकलेला दिसला आणि तिला बरं वाटलं.

"बसा जावईबापू," ती म्हणाली. "आज सवड कशी काय झाली?"

तो बसला. पहिल्या कपात थंडीबद्दल बोलला. दुसऱ्या कपात स्कूटरच्या पट्ट्याबद्दल बोलला, जो तुटला होता आणि ज्याच्या जागी त्याने कसला तरी दोर लावला होता, जो दोरही तुटणार हे कुणालाही दिसलं असतं. तिसरा कप तिने मुद्दाम काठोकाठ भरला. तो कपाकडे बघत राहिला.

"तुमच्या बाजूचा बर्फ जरा मऊ दिसतो," तो म्हणाला.

"बर्फ सगळीकडे सारखाच आहे."

"हो का."

"पाय वेगळे आहेत."

हेइक्काने कप रिकामा केला. कॉफी कढत होती, त्याचे डोळे पाणावले, पण तो मध्ये थांबला नाही. मग त्याने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, चांगला कुत्रा आहे म्हणाला, आणि उठला. दारातून रिस्तेनने पाहिलं की तो स्कूटरवर बसून काही वेळ नुसताच बसून राहिला. त्याला परत यायला तिने भरपूर वेळ दिला. तो आला नाही, तेव्हा ती आत गेली आणि स्वतःशीच म्हणाली, की माज आहे अजून. एवढ्या फाटलेल्या हातांचा माणूस, तीन साधे शब्द तोंडातून काढत नाही.

पुढच्या पाच दिवसांत बातम्या येत राहिल्या. पेंडीची गाडी पोचली. हेइक्काने पेंड घातली. रिस्तेनने हे ऐकून कपाळावर हात मारला. दोन आठवड्यांच्या उपाशी पोटाला पेंड मानवत नाही, हे कुणालाही कळावं. आधी मूठमूठ दगडफूल, झाडावरचं काळं शेवाळ, मग कुठे चिमूटभर पेंड. या दीडशहाण्याने पोती फोडून ओतली असणार. तिने ठरवलं, की तो आता येईलच, आणि यावेळी वेगळं बोलायचं. वाक्यही तयार करून ठेवलं. 'जावईबापू, आश्रमात जागा रिकामी नाही, पण म्हातारे बाहेरगावी पाठवता येतील.' तिने ते कुत्र्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि तिला ते आवडलं.

सहाव्या दिवशी सकाळी स्कूटरचा आवाज आला. तिने किटली चढवली आणि कप मांडले.

हेइक्का आत आला. त्याने टोपी काढली नाही आणि बसलाही नाही. अंगरख्याच्या आतून त्याने कापडाची पुरचुंडी काढली, कपांच्या मधोमध ठेवली आणि उलगडली. आत दोन कान होते. मेलेलं जनावर सापडलं, की कान कापून मालकाला आणून देतात; खूण कानावर असते. हे कान पांढरे होते.

"छोट्या मालकिणीला दाखवले नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही दिली होती, तुमच्याकडे असू देत."

रिस्तेनने कानांजवळचा कप बाजूला सरकवला.

"पोट पेंडीने भरलेलं होतं. म्हणजे भुकेने मेली असं कुणाला म्हणता येणार नाही." तो दारापर्यंत गेला. "मागायला आलोय असं समजू नका."

तो गेला. किटली उकळून उतू जायला लागली तेव्हा तिने ती उतरवली आणि कॉफी कुणाला ओतायची ते न कळून तशीच हातात धरून उभी राहिली. कानावर इसातच्या दोन खाचा होत्या, आणि खाली सुन्नाची एक बारीक. ती खाच रिस्तेननेच पाडली होती, स्वतःच्या सुरीने, आणि सुन्ना तेव्हा माग्गाच्या कडेवर झोपली होती.

तिला आधी आला तो रागच. मूर्खाने पेंड घातली. सगळ्या पठाराला माहीत असलेली गोष्ट याला माहीत नाही. हा राग तिने थोडा वेळ धरून पाहिला, पण तो टिकेना. पेंड तो इथून रिकाम्या हाताने गेल्यानंतर आली होती. त्या दिवशी तो याच बाकावर बसला होता आणि तेव्हा गाब्बा जिवंत होती. काच फोडणारे बारा बैल टेकडीवर होते, आणि तिने त्याला कढत कॉफी काठोकाठ भरून दिली होती. आयुष्यभर तिने ज्याला मूर्ख म्हटलं त्याने एक मूर्खपणा केला होता. तिने जो केला तो जाणूनबुजून केला होता.

तिने कान पुन्हा कापडात गुंडाळले आणि अंगरख्याच्या आत ठेवले. मग ती बाहेर पडली, मुझेतच्या गळ्यात दोर घातला आणि पायाला बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्या बांधून टेकडीकडे निघाली. घंटेच्या आवाजाबरोबर बाकीचे अकरा मागे आले. म्हातारे होते, पण बोलवावं लागलं नाही.

टेकडीपलीकडे उतरताना तिला आधी डोमकावळे दिसले, मग ते कशावर बसले होते ते दिसलं. उभ्या असलेल्या माद्याही उभ्या म्हणायच्या एवढंच. माना खाली, पोटं आत गेलेली. त्यांच्यामध्ये हेइक्का आणि माग्गा कुऱ्हाडींनी बर्फ फोडत होती. पाटीवाला माणूस गुडघ्यांवर बसून एका मादीसाठी जेवणाच्या ताटाएवढं भोक पाडत होता. एवढ्या वर्षांत रिस्तेनला याहून हास्यास्पद दृश्य पाहायला मिळालं नव्हतं, आणि तिला हसू आलं नाही.

तिने दोर सोडला. मुझेतने नाक खाली घातलं, पाय उचलला आणि हाणला. काच तडकल्याचा आवाज झाला तशा चारपाच माद्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या बैलाने हाणलं, मग तिसऱ्याने. माद्या हळूहळू चालत आल्या, अडखळत, आणि खड्ड्यांत तोंडं घातली. एकीने तर आल्या आल्या मुझेतला शिंगांनी ढकललं, अंगात जोर नव्हता तरी ढकललं. तो बाजूला झाला.

हेइक्का कुऱ्हाड धरून उभा होता. रिस्तेन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या माझा कळप इकडे आणते. एकत्र चरू देत. वसंतात वेगळे करताना भांडू."

"तुमच्या माद्यांचं काय?"

"त्यांना पण पाय आहेत. हेइक्का, कॉफी आहे का घरात?"

तो काही बोलणार तोच उतारापाशीच्या घराचं दार उघडून सुन्ना धावत आली, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. ती थेट बैलांत घुसली. एकेकाच्या मागे जाऊन बघून आली, मुझेतच्या पोटाखालून वाकून पलीकडे बघितलं. मग आजीसमोर येऊन उभी राहिली. तिचा समोरचा दात पडला होता.

"आजी, गाब्बा मागे राहिली का?"

रिस्तेनने तिच्याकडे पाहिलं.

"बाबा म्हणाले, तिला इथे खायला मिळेना म्हणून ती तुझ्या बैलांकडे निघून गेली. तू तिला ठेवून घेतलंस, म्हणाले. आजीकडे कुणी उपाशी राहत नाही, म्हणाले."

हेइक्का पाठ करून खाली बसला होता आणि बैलांनी आधीच फोडलेल्या खड्ड्यात कुऱ्हाड मारत होता. माग्गा जमिनीकडे बघत होती. सगळ्या पठाराला जिच्या जिभेची धास्ती, त्या रिस्तेनने अंगरखा गळ्यापर्यंत आवळून घेतला. कापडाची पुरचुंडी तिला छातीशी लागत होती.

सुन्नाने थोडी वाट पाहिली. मग ती आजीला वळसा घालून टेकडीच्या वाटेकडे गेली, बैल ज्या वाटेने आले होते तिकडे, आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली.

"पांढरी आहे ना," ती म्हणाली. "बर्फात लवकर दिसत नाही."